ती चाच्याची कबर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत आयर्लंडच्या सहलीवर पानभर लेख आला आहे. मुलीने तो मला इथे आयर्लंडमध्येच, कार्लोमध्ये, मोबाइलवर दाखवला. डोंगर, पाऊस, हिरवळ, मेंढरं, सगळं छान उतरलंय. पण जुन्या चर्चच्या आवारातल्या दगडांवर जे लिहिलंय त्याने मी फार अस्वस्थ झालो. कवटी आणि फुलीसारखी दोन हाडं कोरलेल्या एका दगडाच्या फोटोखाली 'समुद्री चाच्याची कबर' असं छापलं आहे. दुसऱ्या फोटोत सहलीतलं कुणीतरी दगडावर पांढरा खडू घासताना दिसतंय, आणि झिजलेली अक्षरं वाचायची ही सोपी युक्ती वाचकांनीही करून पाहावी, असा सल्ला दिलाय. त्या भागाचं शीर्षक 'भुतांच्या गावात एक संध्याकाळ' असं आहे. या तिन्ही गोष्टींबद्दल मला लिहायचं आहे. पत्र लांबेल, पण शक्य तितकं छापावं ही विनंती.

मी कोण ते आधी सांगतो. माझे वडील पाथरवट होते. कराडच्या आसपासच्या गावांतून पाट्या-वरवंट्याला, जात्याला टाकी लावत हिंडायचे. पुढे हात बसला तसे ते अक्षरं कोरू लागले. देवळाच्या पायरीवरची देणगीदारांची नावं, शाळांच्या कोनशिला, कुणाच्या समाधीचा दगड. सुटीत मी त्यांच्याबरोबर असायचो. दगडावर काव लावायची, दोरी मारून ओळी आखायच्या आणि अक्षरं मोजायची, हे माझं काम. ते म्हणायचे, कागदावर चुकलं तर खोडता येतं, इथे आधी मोज. मी स्वतः चित्रकला शिक्षक झालो आणि निवृत्तही झालो, पण अक्षर कोरलेला दगड दिसला की अजूनही आधी बोट फिरवून बघावंसं वाटतं. मुलगी आणि जावई इथे नोकरीला आहेत. नातवासाठी मी तीन-तीन महिने येऊन राहतो. ही माझी तिसरी खेप. या तीन खेपांत कार्लो, वेक्सफर्ड आणि विक्लो या तीन काउंट्यांमधली मिळून तीसेक जुनी आवारं मी पायी किंवा बसने जाऊन पाहिली आहेत.

तर कवटीबद्दल. चाच्यांचा इथे काही संबंध नाही. 17व्या आणि 18व्या शतकात आयर्लंडमध्ये, विशेष करून उत्तरेकडच्या अल्स्टर भागात, कबरीच्या दगडावर कवटी, हाडं, शवपेटी, वाळूचं घड्याळ आणि घंटा कोरायची रीतच होती. घंटा अंत्ययात्रेच्या वेळी वाजायची ती. वाळूचं घड्याळ म्हणजे सरत जाणारा वेळ. कवटी म्हणजे आपलं सगळ्यांचं पुढचं रूप. शेतकरी, सुतार, दुकानदार अशा साध्या माणसांच्या दगडांवर ही चिन्हं आहेत. भीती घालावी हा त्यामागचा हेतू नव्हता. पाहणाऱ्याने क्षणभर थांबावं, गेलेल्यासाठी प्रार्थना करावी आणि आपलीही वेळ येणार आहे हे ध्यानात ठेवावं, एवढंच त्यांना हवं होतं. याआधीची माणसं तर याहून पुढे गेली होती. द्रॉहेडा गावात सेंट पीटर्स चर्चच्या आवारात, भिंतीला उभं करून ठेवलेलं एक दगडी झाकण आहे, साधारण 1520 सालचं. एडमंड गोल्डिंग आणि त्याची बायको एलिझाबेथ फ्लेमिंग यांच्या कबरीवरचं. त्यावर दोघांचे देह कोरलेत ते कफनात गुंडाळलेले आणि मेल्यानंतर सुकत, कुजत चाललेले. पैसेवाली माणसं होती ती. आपला रुबाबदार पुतळा करून घेता आला असता, पण असा करवून घेतला. पहिल्यांदा पाहून मी दचकलो. मग कफनाच्या टोकाची गाठ पाहिली. दगडात कापडाची गाठ इतकी मऊ दिसायला हवी असेल, तर कारागीर त्या गाठीपाशी किती दिवस बसला असेल! ज्याला नुसती भीती घालायची आहे तो गाठीवर एवढे दिवस घालवत नाही.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते इथले, दक्षिण-पूर्वेचे 18व्या शतकातले दगड. उत्तर वेक्सफर्डमध्ये मोनासीड म्हणून एक छोटं ठिकाण आहे. तिथला डेनिस कलन हा पाथरवट 18व्या शतकाच्या उत्तरार्धात काम करत होता, आणि त्याचे दगड वेक्सफर्ड, विक्लो, कार्लो या भागात विखुरले आहेत. काहींवर त्याने आपलं नाव आणि गाव कोरलंय, म्हणून तो कोण हे आज कळतं. 1940च्या दशकात एडा लाँगफील्ड या विदुषींनी आवारं हिंडून त्याच्यासारख्या कारागिरांचे दगड हुडकले आणि त्यांच्यावर लेख लिहिले. त्या आधी ही नावं कुणाच्या खिजगणतीत नव्हती. माझ्या वडिलांनी शेकडो दगड कोरले, पण एकावरही स्वतःचं नाव घातलं नाही. कुणी घालू दिलंच नसतं. त्यामुळे दगडाच्या तळाशी, गवतात दडलेलं कारागिराचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिथे बराच वेळ उकिडवा बसून राहिलो.

या दगडांच्या वरच्या भागात येशूला क्रुसावर दिल्याचा प्रसंग असतो आणि आजूबाजूला त्या प्रसंगातली सगळी हत्यारं, वस्तू दाटीवाटीने कोरलेल्या असतात. शिडी, हातोडा, पक्कड, तीन खिळे, फटक्यांचे चाबूक, काट्यांचा मुकुट, सैनिकांनी कपड्यांसाठी टाकलेले फासे, येशूला पकडून देणाऱ्या यहूदाला मिळालेली चांदीची 30 नाणी. आणि बऱ्याचदा एका कोपऱ्यात भांड्यातून उठणारा कोंबडा. हा कोंबडा काय ते मला कळेना. शेजारच्या आजींनी सांगितलं. त्या 84 वर्षांच्या आहेत, लहानपणी त्यांच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट. येशूला पुरल्यानंतर सैनिक चुलीवर कोंबडा शिजवत बसले होते. एक जण म्हणाला, हा भांड्यातला कोंबडा उठेल तेव्हा तो उठेल. तसा कोंबडा उडून भांड्याच्या काठावर बसला, पंख फडफडवले आणि आरवला, 'मॅक ना होय स्लान'. आयरिश भाषेत त्याचा अर्थ, कुमारीचा मुलगा सुखरूप आहे. कोंबडा आयरिशमध्ये हेच आरवतो असं इथली जुनी माणसं मानत. मृत्यूच्या दगडावर कारागिराने हसत उठणारा कोंबडा घातला आहे. कवटीचा फोटो छापताना हा कोंबडाही शेजारी छापला असता, तर वाचकाच्या मनावर वेगळाच ठसा उमटला असता.

आता अक्षरांविषयी. या कारागिरांचा हात चित्रात जितका मोकळा, तितकी अक्षरांत त्यांची फजिती झालेली दिसते. ओळ आखलेली असते, पण शब्द काठाशी येऊन संपत नाही. मग उरलेली दोन अक्षरं बारीक करून वर चढवलेली. कुठे एक अक्षर राहूनच गेलंय, ते नंतर ओळीच्या डोक्यावर खूण करून बसवलेलं. कुठे एकच आडनाव एका दगडावर दोन तऱ्हांनी. मला ते पाहून वडिलांचा आवाज ऐकू येतो, आधी मोज. पण हेही ध्यानात घ्यायला हवं की यांतल्या कित्येक पाथरवटांची घरची बोली आयरिश असणार आणि कोरायचं इंग्रजीत होतं. जी भाषा कानाने ओळखीची आणि डोळ्याने अनोळखी, ती टाकीने लिहायची म्हणजे काय हे मला माहीत आहे. वडील चौथीपर्यंत शिकलेले. संस्कृत श्लोकाचा दगड आला की शास्त्रीबुवांचा कागद समोर ठेवून ते अक्षर न् अक्षर चित्रासारखं उतरवायचे.

इथल्या दगडांवरच्या कोरीव लेखांची एक ढब आहे, ती तुमच्या लेखात कुठेच आली नाही. आपल्याला वाटतं कबरीवर आधी मेलेल्याचं नाव येईल. आयर्लंडमध्ये फार वेळा आधी दगड कुणी उभा केला ते येतं. अमक्या गावच्या अमक्याने हा दगड उभारला, त्याच्या वडिलांच्या स्मरणार्थ, त्याच्या आईच्या, आणि त्याच्या तीन लेकरांच्या जी लहानपणीच गेली. मग तारखा, वयं. मग जागा सोडलेली, आणि खाली पन्नास-साठ वर्षांनी वेगळ्या हाताने, वेगळ्या टाकीने कोरलेलं त्याचं स्वतःचं नाव. कधी उभारणारा असतो न्यूयॉर्कमधला किंवा बॉस्टनमधला मुलगा, ज्याने पैसे पाठवून दगड घडवला आणि जो बहुधा परत आला नाही. म्हणजे दगड मेलेल्याचा असला तरी बोलतो जिवंत माणसाच्या तोंडून. ही चाल फार जुनी आहे. शॅनन नदीकाठी क्लॉन्मॅकनॉइज म्हणून 6व्या शतकात सुरू झालेला मठ आहे. तिथे मध्ययुगाच्या आरंभीच्या 700हून जास्त कोरीव शिळा सापडल्यात. पुष्कळांवर एक क्रूस आणि जुन्या आयरिशमध्ये दोनच शब्द आणि एक नाव, 'ओर दो' अमुक, म्हणजे अमक्यासाठी प्रार्थना करा. त्यांतली एक शिळा तुहल सैर याची आहे. सैर म्हणजे कारागीर. हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका कारागिरासाठी दोन शब्द म्हणा, अशी दगडाची विनंती. मी हात जोडून म्हटले.

नावापाठोपाठ गाव येतं, आणि गाव म्हणजे टाउनलँड. आपल्याकडची वाडी म्हणा. आयर्लंडभर अशा 60,000हून जास्त टाउनलँड आहेत. एकाच आडनावाची शंभर घरं असलेल्या भागात कोणता कोण, हे त्या वाडीच्या नावानेच कळतं. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून आलेली माणसं हातात कागद धरून ते एक नाव शोधत गवतातून फिरताना मी पाहिलीत.

आणि बायकांची नावं. 18व्या, 19व्या शतकातल्या पुष्कळ दगडांवर बाईचं लग्नानंतरचं आडनाव, मग 'एलियस' हा शब्द, आणि पुढे तिचं माहेरचं आडनाव कोरलेलं असतं. आपण ऊर्फ म्हणतो तसं. दीडशे-दोनशे वर्षं सासरच्या कबरीत झोपलेल्या बाईचं माहेर दगडावर शाबूत आहे. हे वाचलं आणि मी बाजूच्या भिंतीवर जाऊन बसलो. माझ्या आईचं नाव लग्नात बदललं. सासरचं नाव तिने पंचावन्न वर्षं वागवलं. ती गेल्यावर दिवसांच्या वेळी मामाने बोलता बोलता तिला माहेरच्या नावाने हाक मारल्यासारखा उल्लेख केला, तेव्हा मला ते नाव पहिल्यांदा कळलं. मी चाळिशी ओलांडलेला होतो. गुरुजींनी आजीच्या आईचं नाव विचारलं तेव्हा मामाही अडला. ज्या घरात अक्षरं कोरण्यावर पोट चाललं त्या घरातल्या बायकांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत. म्हणून खडू घासलेला तो फोटो पाहून मला राग आला. त्या पांढऱ्या फराट्याखाली कुणाचं तरी माहेर असेल.

हे दगड इथल्या लोकांना इतके मोलाचे का, याचं एक कारण इतिहासात आहे. डब्लिनमध्ये फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात देशाचं दफ्तर होतं. 1922 साली यादवी युद्धाच्या सुरुवातीला, 30 जूनला, ते स्फोट आणि आगीत भस्मसात झालं. 1821पासून 1851पर्यंतच्या चार जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. 1861 ते 1891पर्यंतचे तर सरकारनेच आधी नष्ट करून टाकले होते. चर्च ऑफ आयर्लंड या इथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून जास्त नोंदवह्या, मृत्युपत्रं, सगळं गेलं. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद इथे 1864 साली सुरू झाली. म्हणजे एखाद्या शेतकरी कुटुंबाला 1864च्या मागे जायचं असेल, तर हातात उरतात गावच्या पाद्र्यांकडच्या काही वह्या आणि हे दगड. पुष्कळ घरांच्या बाबतीत पणजोबांचा एकमेव कागद म्हणजे हा दगड. अलीकडे जळलेल्या दफ्तराच्या प्रती जगभरातून गोळा करून ते संगणकावर पुन्हा उभं करण्याचं मोठं काम इथे झालं, 2022मध्ये ते लोकांसाठी खुलंही झालं. तरीही राख झालेलं सगळं परत येत नाही.

हा धोका आग लागण्यापूर्वीच एका माणसाने ओळखला होता, आणि तो याच कार्लो काउंटीतला. फिलिप व्हिगर्स नावाचे एक निवृत्त कर्नल. 1888 साली त्यांनी आयर्लंडभरातल्या मृतांच्या स्मारकांचं जतन करणारी एक संस्था काढली. ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या आवारातले लेख उतरवून पाठवायचे आणि संस्थेने ते छापायचे. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे अंक निघत राहिले. आज ज्या दगडांवर नुसती खडबड उरली आहे, त्यांतल्या कित्येकांवर काय होतं ते त्या पिवळ्या पानांवर वाचता येतं. एका माणसाने वही-पेन्सिल घेऊन ओल्या गवतात बसायचं ठरवलं म्हणून.

पण दगड ज्यांना मिळाला ते भाग्यवान. कॅथलिकांवर निर्बंध होते त्या काळात जुनी आवारं कायद्याने चर्च ऑफ आयर्लंडच्या ताब्यात होती. कॅथलिक माणसं आपल्या पूर्वजांशेजारी तिथेच पुरली जात, पण त्यांच्या पाद्र्याला कबरीपाशी उघड विधी करता येत नसे. 1823 साली डब्लिनच्या सेंट केव्हिन्स आवारात आर्थर डार्सी यांच्या दफनाच्या वेळी प्रार्थना म्हणू लागलेल्या पाद्र्याला अडवण्यात आलं. लोक चिडले. कॅथलिकांचे पुढारी डॅनियल ओकॉनेल यांनी मग सर्व धर्मांच्या माणसांना आपल्या रीतीने पुरता येईल अशा जागेसाठी नेट लावला, आणि 1832 साली ग्लासनेव्हिनची दफनभूमी सुरू झाली. तिथे पहिलं दफन झालं ते मायकेल कॅरी या 11 वर्षांच्या मुलाचं. आज तिथे 15 लाखांहून जास्त माणसं विसावली आहेत.

आणि 1845पासूनच्या दुष्काळात मेलेले? सुमारे 10 लाख माणसं गेली. दक्षिणेला स्किबरीनजवळ ॲबीस्ट्रूरीच्या आवारात हिरवळीचा एक सपाट तुकडा आहे. त्याखाली 8,000 ते 10,000 माणसं आहेत, नावाशिवाय. तळ उघडणारी एकच शवपेटी पुन्हा पुन्हा वापरून त्यांना खाली सोडलं गेलं. मी तिथे जावयाबरोबर गेलो होतो. वाचायला काही नाही, तरी परतायला आम्हाला तास लागला.

याहूनही मुक्या जागा आहेत, 'किलीन' म्हणतात त्यांना. बाप्तिस्मा होण्याआधी जी बाळं गेली त्यांना चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नसे. बाप रात्री किंवा पहाटे ते बोचकं घेऊन निघायचा आणि जुन्या पडक्या मठाशी, शेताच्या बांधाला, समुद्रकाठी पुरून यायचा. वर एक साधा शेतातला धोंडा, कुठे पांढऱ्या गारगोट्या. अगदी 20व्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. आता गावोगावचे लोक या जागा शोधून, साफ करून, तिथे प्रार्थना करतात. शेजारच्या आजींनी मला अशी एक जागा लांबून दाखवली आणि काहीच बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही. माझ्या आधी माझ्या आईला एक मूल झालं होतं, आठव्या दिवशी गेलं. आपल्यातही लहान बाळांना अग्नी देत नाहीत. कृष्णाकाठी पुरलं आणि वडिलांनी वर एक धोंडा ठेवला. गावभरच्या लोकांची नावं कोरणारा माणूस, पण त्या धोंड्यावर त्यांनी काही कोरलं नाही. बारसंच झालं नव्हतं, कोरणार काय? आई नदीवर गेली की त्या बाजूला पाहायची एवढं मला आठवतं.

तुमच्या लेखाचं शीर्षक 'भुतांच्या गावात' असं आहे. या आवारांत येणारी माणसं मी पाहिली आहेत. बॅरो नदीकाठी सेंट मलिन्स नावाचं जुनं ठिकाण आहे. 7व्या शतकातल्या संत मोलिंगचा मठ, लेन्स्टर या पूर्वेकडच्या प्रांताच्या राजांची पुरण्याची जागा, इंग्रजांविरुद्धच्या 1798च्या बंडात लढलेल्यांच्या कबरीही तिथेच. दर वर्षी 25 जुलैच्या आधीच्या रविवारी तिथे 'पॅटर्न' असतो, आपल्याकडच्या जत्रेसारखा. आठवडाभर आधीपासून लोक येऊन आपापल्या कबरीभोवतीचं गवत काढतात, फुलं लावतात. त्या दिवशी आजी-आजोबांपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत सगळं घर आपल्या दगडापाशी उभं राहतं, प्रार्थना होते, पाद्री कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतो. मग गप्पा, खाणंपिणं. पोरांना सांगितलं जातं, हे तुझे खापरपणजोबा, ही त्यांची बहीण, ही अमेरिकेला गेली. गावोगावी उन्हाळ्यात असा एक रविवार असतो. माणूस गेल्याला महिना झाला की त्याच्यासाठी चर्चमध्ये पुन्हा 'मास' ही प्रार्थना म्हणतात, त्याला 'मंथ्स माइंड' असं नाव आहे. आपल्या मासिक श्राद्धासारखं. नोव्हेंबरभर चर्चमध्ये गेलेल्यांच्या नावांच्या याद्या ठेवतात. नव्या रांगांतले काळे चकचकीत दगड पाहून मला दगड ओळखीचा वाटला, म्हणून इथल्या एका दगडकाम करणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, काळा ग्रॅनाइट बराचसा तुमच्या भारतातूनच येतो. आपल्या खाणीतला दगड इथे कुणाच्या आईचं नाव अंगावर घेऊन उभा आहे.

आता खडू. पाथरवटाचा मुलगा म्हणून सांगतो. स्लेटचा दगड पापुद्र्यांचा असतो. पावसाचं पाणी पापुद्र्यात शिरलेलं असतं, वरून घासलं की अख्खा पापुद्रा अक्षरांसकट सुटतो. वालुकाश्माचे कण आधीच सैल झालेले असतात. चुनखडी पावसाने हळूहळू विरघळतच असते, तिच्यावरची अक्षरं गोल झालेली असतात. खडूचा भुगा छिद्रांत जाऊन बसतो. तारेचा ब्रश, पाण्याचा जोराचा फवारा, ब्लीच, दाढीचा फेस, सगळं तितकंच वाईट. दगडावरचं शेवाळासारखं दिसणारं दगडफूलही खरवडू नये. त्याच्या काही जाती वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. अशी बहुतेक जुनी आवारं इथे कायद्याने संरक्षित स्मारकं आहेत, तिथे डागडुजीचं काम करायचं तरी दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं.

वाचायचंच असेल तर उजेड वापरा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन दगडाला चाटून जातं तेव्हा जा. ढग असतील तर एक साधा आरसा घेऊन उजेड बाजूने पाडा, किंवा अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या कडेला टेकवून धरा. सपाट वाटणाऱ्या दगडातून अक्षरं वर येतात. वडील कोरलेल्या अक्षराची खोली अशीच तपासायचे, कंदील बाजूला धरून. इथे गावकऱ्यांचे गट याच रीतीने दगड न् दगड वाचतात, फोटो काढतात, उतरवून घेतात. नातवाला घेऊन मी अशा दोन शनिवारांना गेलो. आठ वर्षांच्या पोराचं काम आरसा धरायचं. आयर्लंडमध्ये आता बरीच मराठी कुटुंबं आहेत, त्यांतले अनेक जण आपलं दैनिक वाचतात. त्यांनी आपल्या गावच्या गटात चौकशी करावी, मुलांना न्यावं. कुणी धर्म विचारत नाही, आरसा धरता येतो का एवढंच विचारतात. आणि आपण त्या फोटोखालच्या ओळीची दुरुस्ती छापावी, खडूचा सल्ला मागे घ्यावा.

परतण्याआधी शेजारच्या आजी मला त्यांच्या घरच्या कबरीवर घेऊन गेल्या. सासरा, सासू, दीर, मग नवरा. नवऱ्याच्या नावाखाली कोरी जागा होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ही माझी. मी अक्षरं कोरणाऱ्याचा मुलगा हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून विचारलं, पुरेल का? मी वीत लावली, वरच्या अक्षरांची उंची बोटांनी मोजली. दोन ओळी नीट बसतील, असं सांगितलं. त्या जरा थांबल्या. आणि माहेरचं आडनाव? मी पुन्हा मोजलं. तीन ओळी करायच्या तर अक्षर थोडं बारीक घ्यावं लागेल, म्हटलं.

"घेऊ दे बारीक," त्या म्हणाल्या.

कळावे,
आपला एक जुना वाचक
(मूळ मुक्काम कराड, सध्या कार्लो, आयर्लंड)